वय विचारणारा कायदा

तीन वर्षांपूर्वी आमच्या हायस्कूलच्या पालक सभेत एक ठराव एकमताने मंजूर झाला. आठवी ते दहावीच्या कोणत्याही विद्यार्थ्याचे इन्स्टाग्राम किंवा तत्सम समाजमाध्यमावर खाते असल्याचे आढळल्यास पालकांना बोलावून घ्यावे, लेखी हमी घ्यावी आणि खाते बंद करवावे, असा तो ठराव होता. त्याची सूचना मीच लिहिली, मीच सही केली आणि शिपायाकरवी फलकावर लावली. पालकांना समाधान वाटले, शिक्षकांना हायसे वाटले. एसएसएलसीच्या निकालाची चिंता डोक्यावर असणाऱ्या मुख्याध्यापकाला त्यात वावगे वाटण्याचे कारणच नव्हते.

पुढे एकदा वाचनात आले की, अमेरिकेतील आर्कन्सॉ राज्याने आमच्या सूचनेपेक्षा कितीतरी सौम्य असा कायदा केला होता. अठरा वर्षांखालील मुलाला नवे खाते उघडायचे असेल तर पालकांची संमती हवी, एवढेच त्याचे म्हणणे. पण तो अमलात येण्याच्या आदल्या दिवशी, ३१ ऑगस्ट २०२३ रोजी, तेथील संघीय न्यायालयाने त्याला मनाई केली.

सीमाभागातील वाचकाला कोर्टकचेरी नवी नाही. आपल्या प्रश्नाचा दावा २००४ साली सर्वोच्च न्यायालयात दाखल झाला, तेव्हापासून तारखांकडे डोळे लावून बसणे आपल्या अंगवळणी पडले आहे. पण मुलांना वाईटापासून दूर ठेवू पाहणाऱ्या कायद्याच्या आड न्यायालयाने का यावे, हे मला उमगेना. इतिहासाचा विद्यार्थी म्हणून मी मागे मागे जात राहिलो. जे हाती लागले ते येथे मांडतो. आमच्या सूचनेकडे शेवटी परत यावेच लागेल, कारण ती मला बदलावी लागली. आणि ती ग्रंथांनी नव्हे, एका मुलाने बदलायला लावली.

जुनीच काळजी

अमेरिकेच्या घटनेतील पहिली दुरुस्ती १७९१ सालची. भाषणस्वातंत्र्यावर आणि मुद्रणस्वातंत्र्यावर गदा आणणारा कायदा विधिमंडळाने करू नये, असे ती सांगते. त्यात वयाचा उल्लेख नाही. मुले त्यात येतात की नाही, हा प्रश्न त्या काळी कुणाला पडलाही नसावा.

तो पडला तो छपाई स्वस्त झाल्यावर. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तेथे दहा सेंटांच्या साहसकथांचा सुळसुळाट झाला. अँथनी कॉमस्टॉक नावाच्या कडव्या नीतिरक्षकाने १८८३ साली या कथांना मुलांसाठी लावलेले सापळे म्हणून एक पुस्तकच लिहिले. पुढच्याच वर्षी न्यूयॉर्क राज्याने रक्तपाताच्या आणि गुन्ह्यांच्या कथा छापण्या-विकण्याला बंदी घातली. हा कायदा साठ वर्षांहून अधिक काळ टिकला. अखेर १९४८ साली विंटर्स नावाच्या पुस्तकविक्रेत्याच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला. न्यायमूर्तींनी मोकळेपणाने सांगितले की, या मासिकांत समाजाच्या उपयोगाचे काही आम्हाला दिसत नाही. तरी उत्तम वाङ्मयाला जे संरक्षण आहे तेच यांनाही आहे.

त्यानंतर पाळी आली चित्रकथांची. फ्रेडरिक वर्थम या मानसोपचारतज्ज्ञाने १९५४ साली प्रसिद्ध केलेल्या पुस्तकात बालगुन्हेगारीचे खापर कॉमिक्सवर फोडले. त्याच वर्षी सिनेटच्या उपसमितीसमोर जाहीर साक्षी झाल्या. व्यवसायाने भिऊन स्वतःवरच आचारसंहिता लादून घेतली आणि कित्येक प्रकाशने बंद पडली. या प्रकरणाचा उपसंहार मात्र बोधप्रद आहे. वर्थमची कागदपत्रे अभ्यासकांसाठी खुली झाल्यावर कॅरल टिली या संशोधिकेने २०१२ साली दाखवून दिले की, त्याने मुलांच्या नोंदी आपल्या सोयीने वळवल्या होत्या, कुठे गाळल्या होत्या, कुठे जोडल्या होत्या.

आपल्याकडे तरी निराळे काय होते? माझ्या वडिलांच्या पिढीने बाबुराव अर्नाळकरांच्या रहस्यकथा पाठ्यपुस्तकाच्या आड धरून वाचल्या आणि त्यासाठी छड्याही खाल्ल्या. फरक इतकाच की, आपल्याकडे हे घरात आणि शाळेत मिटत असे. तिकडे ते कायदेमंडळात आणि मग कोर्टात गेले.

दोन निकाल, एक वर्ष

मुलांच्या हक्कांचा विचार करणाऱ्याने अमेरिकेतील दोन निकाल शेजारी ठेवून वाचावेत. पहिला १९६८ चा. न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर सॅम गिन्सबर्ग आणि त्याची पत्नी यांचे स्टेशनरी आणि खाण्याचे छोटे दुकान होते. त्याने सोळा वर्षांच्या मुलाला नग्न स्त्रियांची चित्रे असलेली दोन मासिके विकली. मोठ्यांना ती विकणे गुन्हा नव्हता. सतरा वर्षांखालील मुलाला विकणे हा होता. सर्वोच्च न्यायालयाने शिक्षा कायम केली. मोठ्यांना जे चालेल ते मुलांना चालेलच असे नाही, आणि पालकांना हातभार लावण्याचा राज्याला अधिकार आहे, असे न्यायालयाने म्हटले.

दुसरा निकाल जेमतेम दहा महिन्यांनी, फेब्रुवारी १९६९ मध्ये लागला. आयोवा राज्यातील डी मॉइन शहरात मेरी बेथ टिंकर ही तेरा वर्षांची मुलगी, तिचा पंधरा वर्षांचा भाऊ जॉन आणि त्यांचा एक मित्र व्हिएतनाम युद्धाच्या दुःखापोटी दंडावर काळी फीत बांधून शाळेत गेले. मुख्याध्यापकांनी आधीच मनाई केली होती. मुलांना घरी पाठवण्यात आले. खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. सात विरुद्ध दोन मतांनी मुले जिंकली. शाळेच्या फाटकातून आत शिरताना विद्यार्थी आपले घटनात्मक हक्क बाहेर ठेवून येत नाही, हा त्या निकालाचा गाभा. न्यायमूर्ती ह्यूगो ब्लॅक भाषणस्वातंत्र्याचे कट्टर कैवारी. पण ते या निकालाने इतके अस्वस्थ झाले की, आता शाळा मुलेच चालवणार, अशा अर्थाचे भिन्नमत त्यांनी लिहिले. खरे सांगायचे तर पहिल्या वाचनात मला ब्लॅकसाहेबच आपले वाटले.

पण आपल्या देशातही असा प्रसंग घडून गेला आहे. केरळमधील तीन भावंडे धर्मश्रद्धेमुळे राष्ट्रगीत म्हणत नसत. ते चालू असताना आदराने उभी मात्र राहत. त्यांना शाळेतून काढून टाकले. १९८६ साली आपल्या सर्वोच्च न्यायालयाने त्यांना परत घ्यायला लावले. त्या निकालपत्रात न्यायमूर्ती चिन्नप्पा रेड्डी यांनी अमेरिकेतील १९४३ च्या ध्वजवंदनाच्या खटल्याचा आधार घेतला आहे. तेव्हा हा केवळ सातासमुद्रापलीकडचा विचार आहे, असे म्हणता येत नाही.

दुकानदाराचा वकील

गिन्सबर्ग आणि टिंकर यांच्यामधली जागा पुढची पन्नास वर्षे मोजली जात राहिली. १९९६ साली अमेरिकी काँग्रेसने इंटरनेटवर मुलांना असभ्य मजकूर दिसू नये म्हणून कायदा केला. १९९७ साली सर्वोच्च न्यायालयाने त्याचा तो भाग रद्द केला. मुलांना वाचवण्याच्या भरात तुम्ही मोठ्यांचेही तोंड बंद करता आहात, असे त्याचे कारण दिले.

मग २०११ साल. अठरा वर्षांखालील मुलांना हिंसक व्हिडिओ गेम विकू नये, विकल्यास हजार डॉलरपर्यंत दंड, असा कॅलिफोर्नियाचा कायदा होता. न्यायमूर्ती अँटोनिन स्कॅलिया यांनी ग्रिमबंधूंच्या परीकथांचे दाखले दिले. तेथे मुले चेटकिणीला भट्टीत ढकलतात, कबुतरे सिंड्रेलाच्या सावत्र बहिणींचे डोळे फोडतात. मुलांच्या गोष्टींत हिंसा नवी नाही, तेव्हा ती वगळण्याचा अधिकार सरकारला नाही, असे म्हणून कायदा रद्द झाला. त्यांनी आणखी एक मार्मिक मुद्दा मांडला. पालकांची संमती सक्तीची करणारा कायदा पालकांचा अधिकार वाढवत नाही. तो सरकारचा अधिकार लादतो आणि पालकांना फक्त त्यातून सूट देऊ देतो.

दोन न्यायमूर्तींनी भिन्नमत दिले. त्यांपैकी क्लॅरन्स थॉमस यांचे म्हणणे असे की, घटना लिहिली गेली त्या काळी मुलांशी पालकांना वगळून बोलण्याचा हक्क कुणालाच नव्हता. हे नाव वाचकांनी ध्यानात ठेवावे.

येथे एक गोष्ट माझ्या लक्षात आली. विंटर्स पुस्तकविक्रेता, गिन्सबर्ग दुकानदार, २०११ चा खटला गेम विकणाऱ्यांच्या संघटनेचा. मुलांच्या हक्काची बाजू बहुतेक वेळा दुकानदाराच्या वकिलाने मांडली आहे. स्वतः मुले कोर्टात गेली ती ध्वजवंदनासारख्या आणि टिंकरसारख्या मोजक्या प्रसंगी. समाजमाध्यमांच्या खटल्यांतही तेच आहे. बहुतेक दावे नेटचॉइस या संघटनेने लावलेले आहेत, आणि फेसबुक-इन्स्टाग्रामची मालक मेटा, गूगल अशा धनाढ्य कंपन्या तिच्या सभासद आहेत. मुलाच्या स्वातंत्र्याबद्दलची त्यांची कळकळ किती आणि मुलाच्या वेळावर मिळणाऱ्या जाहिरातींच्या उत्पन्नाची किती, हे ओळखायला वकिली शिकावी लागत नाही. तथापि वादी स्वार्थी आहे म्हणून त्याचा मुद्दा खोटा ठरत नाही, हेही इतिहास सांगतो.

साठ वर्षांच्या आजोबांचेही वय

मार्च २०२३ मध्ये युटा राज्याने या बाबतीत पहिले मोठे पाऊल टाकले. अठरा वर्षांखालील मुलांना पालकांच्या संमतीशिवाय खाते नाही, रात्री साडेदहा ते सकाळी साडेसहा माध्यम बंद, आणि मुलांचे खाजगी संदेशही पालकांना पाहता यावेत, अशी त्यात तरतूद होती. पाठोपाठ आर्कन्सॉ, ओहायो, मिसिसिपी, फ्लोरिडा, जॉर्जिया अशी रांग लागली.

या धडपडीमागे निव्वळ भीती नव्हती. २०२१ साली फ्रान्सिस हॉगन या माजी कर्मचारी बाईंनी फेसबुकची अंतर्गत कागदपत्रे बाहेर आणली होती. इन्स्टाग्राममुळे काही किशोरवयीन मुलींना आपल्या शरीराविषयी अधिक वाईट वाटते, हे कंपनीच्याच पाहणीत आढळले होते. मे २०२३ मध्ये अमेरिकेचे सर्जन जनरल विवेक मूर्ती यांनी इशारा दिला की, तेरा ते सतरा वयाची ९५ टक्क्यांपर्यंत मुले ही माध्यमे वापरतात आणि ती मुलांसाठी पुरेशी सुरक्षित आहेत असे म्हणण्याजोगा पुरावा नाही. (या मूर्तींच्या घराण्याचे मूळ कर्नाटकातील मंड्या जिल्ह्यात आहे.)

तरी आर्कन्सॉमध्ये न्यायाधीश टिमथी ब्रूक्स यांनी कायदा अडवला. त्यांची कारणे वाचण्यासारखी आहेत. मूल कोण हे ठरवायचे तर नवे खाते उघडणाऱ्या प्रत्येकाचे वय तपासावे लागणार. म्हणजे सोळा वर्षांच्या नातवाला रोखण्यासाठी साठ वर्षांच्या आजोबांनीही ओळखपत्र दाखवायचे. शिवाय हा कायदा कोणत्या माध्यमाला लागू हेच धड ठरत नव्हते. स्नॅपचॅट त्यात येते की नाही, यावर सरकारचा वकील आणि सरकारचाच तज्ज्ञ साक्षीदार यांचे एकमत होईना. मार्च २०२५ मध्ये ही मनाई कायमची झाली. ओहायोच्या कायद्यालाही जानेवारी २०२४ मध्ये अंमलाच्या आधीच स्थगिती मिळाली आणि एप्रिल २०२५ मध्ये कायमची मनाई झाली. युटाने पहिला कायदा मागे घेऊन २०२४ मध्ये नवा केला. सप्टेंबर २०२४ मध्ये त्यालाही मनाई झाली.

युटातील एका दाव्याकडे मात्र मी पुन्हा पुन्हा वळलो. तो कंपन्यांचा नव्हता. वादींमध्ये एक शाळकरी मूल होते आणि बहुपत्नीक पंथाच्या बंदिस्त वस्तीतून सुटून आलेल्या स्त्रियाही होत्या. अशा घरातील मुलीला बाहेरचे जग कळण्याची, मदत मागण्याची वाट याच माध्यमांतून जाते. तिने संमती मागायची ती नेमकी कोणाकडे, असा त्यांचा सवाल होता. मुलाच्या बाजूने मुलाच्या जागेवरून बोललेला हा युक्तिवाद.

वारा फिरला

एवढ्यावर थांबलो तर मात्र लेख एकांगी होईल. २०११ च्याच निकालात न्यायमूर्ती अलिटो यांनी सावध केले होते की, नवे तंत्र हे जुन्या पुस्तकासारखेच आहे असे घाईने धरू नका. त्यात तथ्य आहे. अर्नाळकरांचे पुस्तक संपत असे. आजच्या पडद्याला शेवटचे पानच नाही. फ्लोरिडाच्या २०२४ च्या कायद्याने मजकुराऐवजी याच रचनेवर बोट ठेवले: न संपणारा पडदा, आपोआप सुरू होणारी चित्रफीत, सतत वाजणाऱ्या सूचना. चौदा वर्षांखाली खाते नाही. चौदा-पंधराला पालकांची संमती. जून २०२५ मध्ये एका न्यायाधीशाने त्याला मनाई केली, पण नोव्हेंबर २०२५ मध्ये अपील न्यायालयाने दोन विरुद्ध एक मताने ती मनाई तूर्त उठवली. मुलांना चटक लावणाऱ्या क्रमवारीवरील कॅलिफोर्नियाच्या कायद्याचाही बराचसा भाग सप्टेंबर २०२५ मध्ये अपील न्यायालयात तूर्त टिकला.

त्याआधी २७ जून २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अश्लील संकेतस्थळांवर वय तपासण्याचा टेक्ससचा कायदा सहा विरुद्ध तीन मतांनी उचलून धरला. गेमचा निकाल लागला त्याला त्या दिवशी बरोबर चौदा वर्षे झाली होती. आणि हा निकाल लिहिला तो त्या वेळी भिन्नमतात राहिलेल्या न्यायमूर्ती थॉमस यांनी. हा निकाल अश्लीलतेपुरता आहे, सर्व समाजमाध्यमांपुरता नाही. पण वय विचारणे हेच मुळात घटनाबाह्य, असे आता कुणाला म्हणता येत नाही.

मिसिसिपीचा कायदा तर एका मुलाच्या नावाने ओळखला जातो. हा सोळा वर्षांचा मुलगा २०२२ च्या डिसेंबरात गेला. समाजमाध्यमावर कुणीतरी त्याला जाळ्यात ओढले, त्याचे खाजगी चित्रण मिळवले आणि पैशासाठी धमकावले. त्याने जीव दिला. या कायद्याला खालच्या न्यायालयाने दोनदा मनाई केली, अपील न्यायालयाने ती उठवली. १४ ऑगस्ट २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हस्तक्षेपाला नकार दिला. न्यायमूर्ती कॅव्हनॉ यांनी मात्र स्वतंत्रपणे लिहिले की, हा कायदा बहुधा घटनाबाह्यच ठरेल. त्याच महिन्यात ब्लूस्काय या लहान कंपनीने वयतपासणी परवडत नाही म्हणून मिसिसिपीतील सेवा सर्वांसाठीच बंद केली. मोठ्या कंपन्या मात्र चालूच राहिल्या.

आमची सूचना

मिसिसिपीच्या त्या मुलाविषयी वाचले तेव्हा मी वाचन थांबवून बराच वेळ बसून राहिलो. कारण तोवर आमच्याकडेही एक मुलगा जाता जाता राहिला होता.

दहावीचा मुलगा. अभ्यासात बरा, खेळात पुढे. दिवाळीच्या सुट्टीनंतर तो वर्गात मान वर करीना. वर्गशिक्षिकांनी हेरले आणि त्याला माझ्याकडे आणले. दोन तासांनी तो बोलता झाला. मुलीच्या नावाच्या खोट्या खात्यावरून ओळख, मग फोटो, मग धमकी. आईच्या डब्यातले पैसे दोनदा गेले होते. हे दोन महिने चालले होते.

"अरे, मग आधी का नाही सांगितलंस?" मी विचारले.

"सर, सांगायचं म्हणजे आधी खातं आहे हे सांगावं लागलं असतं," तो म्हणाला. "फलकावर तुमची सही आहे."

त्याच्या वडिलांना घेऊन मी स्वतः पोलीस ठाण्यात गेलो. पुढचे सारे निभावले, मुलगा पासही झाला. पण त्याचे ते वाक्य माझ्या मनातून गेले नाही. आमच्या ठरावाने एकही खाते बंद पडले नव्हते; बंद पडले होते ते माझ्या खोलीचे दार. अमेरिकी न्यायालये पाऊण शतक जे विचारत आली आहेत, कायदा नुकसानीच्या मापाने कापला आहे का, की एक संकट टाळताना मुलाची दुसरी वाटही बुजवतो, तो प्रश्न मी स्वतःला एकदाही विचारला नव्हता. आणि पालक, शिक्षक, मुख्याध्यापक सर्वांचे एकमत झाले होते त्या सभेत ज्यांच्याविषयी ठराव होता त्यांना कुणी बोलावलेच नव्हते.

आपल्या देशातही हा प्रश्न दाराशी आला आहे. कर्नाटक उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२३ मध्ये एका सुनावणीत समाजमाध्यमांसाठी वयाची अट हवी, असे मत बोलून दाखवले होते. २०२३ च्या डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायद्याने अठरा वर्षांखालील मुलांची माहिती वापरण्यासाठी पालकांची पडताळलेली संमती आवश्यक केली असून त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. ऑस्ट्रेलियाने तर १० डिसेंबर २०२५ पासून सोळा वर्षांखालील मुलांची खातीच बंद केली. आपल्याकडे उद्या कायदा येईलही, आणि कदाचित तो यावाही. कंपन्यांना वेसण हवी, याविषयी माझ्या मनात संशय नाही. पण ती वेसण कंपन्यांच्या नाकात आहे की मुलांच्या, हे तपासून पाहावे.

यंदा आम्ही सूचना बदलली. शाळेत मोबाईल आणायचा नाही, हा नियम तसाच ठेवला. बाकीचा मजकूर आठवी ते दहावीच्या वर्गप्रतिनिधींना बसवून लिहिला. त्याचे पहिले वाक्य नववीच्या एका मुलीने सुचवले: खाते आहे एवढ्यासाठी कोणालाही शिक्षा होणार नाही, त्रास झाला तर कोणत्याही शिक्षकांना सांगा. खाली १९३० आणि १०९८ हे मदतीचे दूरध्वनी क्रमांक आहेत.

या वेळी पालक सभेत एकमत झाले नाही. एक गृहस्थ उभे राहून म्हणाले, "सर, म्हणजे पोरांना मोकळं सोडलंत की!" त्यांची काळजी खरी होती आणि माझ्याकडे तिला पुरे पडेल असे उत्तर नव्हते. मी एवढेच सांगितले की, सहा महिने पाहू, मग पुन्हा बसू.

सूचना फलकावर लागून चार महिने झाले. आतापर्यंत चार मुले दार लोटून आत आली आहेत.